प्रकाशाला वळण लावताना

मुतखड्याच्या कळा ज्या घरात कुणी सोसल्या आहेत, त्या घराला हल्ली एक शस्त्रक्रिया निदान ऐकून तरी ठाऊक असते. पोटावर छेद न घेता मूत्रमार्गातून एक बारीक दुर्बीण आत सरकवतात, तिच्यातून काचेचा एक तंतू खड्यापर्यंत नेतात आणि लेसरचे ठोके देऊन खड्याचा भुगा करतात. घरचे लोक नंतर खडा केवढा होता याची चर्चा करतात, डॉक्टरांच्या हाताला यश आहे म्हणतात. त्या तंतूकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. त्याचा गाभा जेमतेम दोन-चार केसांच्या जाडीचा. दुर्बीण वळेल तसा तोही वळतो. दगड फोडणारा प्रकाश सेकंदाला अनेकदा त्याच्या पोटातून धावतो आणि तरीही तो स्वतः सहसा जळत नाही, फुटत नाही. दगड फुटावा आणि काच शाबूत राहावी, हे कसे?

लेसर जन्मला 1960 मध्ये. पण या प्रश्नाच्या उत्तराला लागणारे बरेचसे सामान त्याच्या कितीतरी आधी एका माणसाने आपल्या प्रयोगशाळेत हाताळून ठेवले होते. वाकड्या वाटेने चालणारा प्रकाश त्याने लोकांना दाखवला. डोळ्यांना स्वच्छ पारदर्शक दिसणारी वस्तूही काही किरण गुपचूप गिळते, हे त्याने मोजून दाखवले. आणि न दिसणारी धूळ काय काय उत्पात करू शकते, याचा तर त्याने ध्यासच घेतला होता. हा माणूस 1893 मध्ये गेला. आपल्या या तीन उद्योगांची गाठ कधीतरी एका काचेच्या तंतूत पडणार आहे, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

त्याचे नाव जॉन टिंडल. आपल्याकडच्या शाळकरी मुलांना हे नाव परिचयाचे असते ते टिंडल परिणामामुळे. कौलांच्या फटीतून घरात कवडसा येतो, त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात, ते त्या परिणामाचे घरगुती रूप. परीक्षेत दोन गुणांना येणारा हा माणूस प्रत्यक्षात मोठा रंगतदार होता. गिर्यारोहक होता, फर्डा वक्ता होता, आणि भांडखोरही होता.

टिंडल यांचा जन्म 2 ऑगस्ट 1820 चा, आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यातील लेलिनब्रिज या लहानशा गावचा. वडील पोलिसात साधे शिपाई. घरात पैसा नव्हता, पण मुलाने शिकावे ही हौस होती. घराणे प्रॉटेस्टंट, पण चांगला गणिताचा मास्तर कॅथलिक निघाला, तेव्हा वडिलांनी पंथाचा विचार न करता मुलाला त्याच्याकडे धाडले. त्या काळच्या आयर्लंडात ही गोष्ट लहान नव्हती. तिथे भूमिती आणि जमीनमोजणी पक्की झाली आणि 1839 मध्ये मुलगा सरकारी मोजणी खात्यात नकाशे काढायला लागला.

पुढे या नोकरीतून त्यांची बदली इंग्लंडात झाली. पगार तुटपुंजा, आयरिश नोकरांना वागणूक वाईट. टिंडल यांनी सहकाऱ्यांना जमवून तक्रारअर्ज केले, वर्तमानपत्रांत लिहिले. परिणाम व्हायचा तोच झाला. 1843 मध्ये नोकरी गेली. मग इंग्लंडात रेल्वेचे वारे अंगात आल्यासारखे वाहू लागले, जो तो नव्या मार्गाच्या कंपन्या काढू लागला आणि मोजणीदारांना सोन्याचे दिवस आले. टिंडल यांनी त्या वर्षांत रात्रीचा दिवस करून काम केले आणि चार पैसे बाजूला टाकले. हे पैसे त्यांनी कशावर उडवले? शिक्षणावर. 1847 मध्ये हॅम्पशरमधल्या क्वीनवुड कॉलेजात गणित शिकवायला लागले, तिथे एडवर्ड फ्रँकलंड हा रसायनाचा तरुण शिक्षक मित्र मिळाला, आणि पुढच्याच वर्षी दोघे जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठात दाखल झाले. शिकवायला होते रॉबर्ट बुन्सेन, ज्यांच्या नावाचा बर्नर आजही शाळेच्या प्रयोगशाळेत असतो. टिंडल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, जर्मन भाषा अर्धीकच्ची. पण दोन वर्षांच्या आत त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

इंग्लंडात परतल्यावर नोकरी काही लवकर मिळेना. अखेर 1853 च्या फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी एक व्याख्यान दिले आणि नशीब पालटले. श्रोत्यांनी ते इतके उचलून धरले की त्याच वर्षी ते तिथे प्राध्यापक झाले. या संस्थेचे सर्वेसर्वा होते मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा आणि शिपायाचा मुलगा. दोघांचे मेतकूट जमले ते फॅरडे यांच्या मृत्यूपर्यंत टिकले. एक भाविक, दुसरा जवळजवळ नास्तिक, तरीही.

प्रकाशाच्या वळणाची गोष्ट इथेच घडली. 19 मे 1854 च्या व्याख्यानात टिंडल यांना पाण्याच्या धारेविषयी बोलायचे होते. त्यांनी एक पात्र घेतले, त्याच्या बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार सोडली आणि पाठीमागून त्या धारेत प्रखर प्रकाश टाकला. धार कमानीसारखी वाकून खाली पडत होती. प्रकाश सरळ पुढच्या भिंतीवर पडायला हवा होता. पण तो धारेच्या आतच अडकला, धारेबरोबर वाकला आणि धार जिथे पडली तिथे उजळला. अंधाऱ्या सभागृहात हे दृश्य किती मोहक दिसले असेल याची कल्पना करता येते.

यात जादू नव्हती. प्रकाश पाण्यातून हवेत येऊ पाहतो तेव्हा तो फार तिरका आला तर त्याला बाहेर पडताच येत नाही. पृष्ठभाग आरशासारखे काम करतो आणि त्याला परत आत ढकलतो. पाण्याच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे साडेअठ्ठेचाळीस अंशांची आहे. धारेच्या भिंतींवर आदळत, उसळत, प्रकाश पुढे पुढे जात राहतो. शास्त्रात याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण अनेक पुस्तकांत ती चुकीची छापली जाते. हा प्रयोग टिंडल यांचा नव्हे. जिनिव्हाच्या डॅनिएल कोलाडाँ यांनी तो 1841 मध्ये केला होता आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापलाही होता. टिंडल यांना तो फॅरडे यांनी सुचवला असे इतिहासकार मानतात. व्याख्यानात कोलाडाँ यांचे नाव आले नाही. मुद्दाम वगळले असे वाटत नाही. पण नाव राहिले ते राहिलेच. टिंडल इंग्रजीत बोलत होते, लिहीत होते आणि त्यांची पुस्तके जगभर खपत होती. म्हणून श्रेय त्यांच्या खात्यावर जमा झाले. कोलाडाँ दीर्घायुषी होते. 1884 मध्ये, म्हातारपणी, त्यांनी एका फ्रेंच मासिकातून आपल्या कारंज्याची जगाला आठवण करून दिली. फारशी कुणी दखल घेतली नाही.

त्या प्रयोगाला शंभर वर्षे होत असताना, 1954 च्या जानेवारीत, नेचर नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. एक हॉलंडच्या फान हील यांचा. दुसरा लंडनच्या हॅरल्ड हॉपकिन्स आणि त्यांचा विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी यांचा. कपानी मूळचे पंजाबातल्या मोगा गावचे. पाण्याच्या धारेऐवजी काचेचे तंतू, आणि एकाऐवजी त्यांची जुडी. तिच्यातून त्यांनी चित्र पलीकडे नेले. फान हील यांच्या लेखातला मुद्दा साधा पण निर्णायक होता. उघड्या तंतूला कशाचाही स्पर्श झाला, बोटाचा डाग लागला, की तिथून प्रकाश गळतो. म्हणून तंतूला दुसऱ्या पदार्थाचे आवरण घालायचे. परावर्तन आतल्या आत, आवरणाखाली होईल आणि बाहेरून डाग पडला तरी बिघडणार नाही. आजच्या प्रत्येक ऑप्टिकल फायबरच्या अंगावर असा सदरा असतो.

टिंडल यांच्याकडे परत येऊ. 1856 पासून त्यांना आल्प्सचे वेड लागले. गेले होते हिमनद्या कशा सरकतात ते बघायला, मित्र थॉमस हक्स्ले यांच्याबरोबर. आणि डोंगरच अंगात भिनले. 1858 मध्ये माँटे रोझा हे शिखर त्यांनी एकट्याने गाठले. 19 ऑगस्ट 1861 रोजी दोन वाटाड्यांबरोबर ते वाइसहॉर्नच्या माथ्यावर पोहोचले. तिथे पाय ठेवणारे ते पहिले. मॅटरहॉर्नच्या पहिल्या विजयाचा मान मात्र हुकला. 1862 मध्ये ते माथ्याच्या बरेच जवळ जाऊन परतले आणि तीन वर्षांनी एडवर्ड व्हिम्पर यांनी बाजी मारली. ज्या टेकाडावरून ते मागे फिरले त्याला आजही पिक टिंडल म्हणतात. हिमनद्यांवरून जेम्स फोर्ब्स आणि त्यांच्या चाहत्यांशी त्यांनी जो वाद घातला तो फोर्ब्स यांच्या मृत्यूनंतरही धुमसत राहिला. या माणसाला मोडते घेणे माहीत नव्हते.

डोंगर आणि प्रयोगशाळा अशा दोन्ही आघाड्या एकाच वेळी चालू होत्या. 1859 च्या मे महिन्यात टिंडल यांनी एक लांब पितळी नळी घेतली. तिची दोन्ही तोंडे सैंधवाच्या पारदर्शक चकत्यांनी बंद केली, कारण उष्णतेचे अदृश्य किरण काचेत अडतात, सैंधवातून मात्र आरपार जातात. एका टोकाला उकळत्या पाण्याचा डबा, दुसऱ्या टोकाला उष्णता टिपणारे नाजूक उपकरण. नळीत एकेक वायू भरून पाहायचा. ऑक्सिजन आणि नायट्रोजन भरले तर उपकरणाचा काटा जवळजवळ हलेना; किरण जसेच्या तसे पलीकडे. कार्बन डायऑक्साइड भरला, पाण्याची वाफ भरली, की किरण वाटेतच गडप. डोळ्यांना सगळे वायू सारखेच स्वच्छ दिसत होते! हवेतल्या पाण्याच्या वाफेचे प्रमाण ते किती, पण पृथ्वीची ऊब धरून ठेवण्याचे मोठे काम तीच करते, हे टिंडल यांच्या ध्यानात आले. आज वातावरणाच्या तापमानवाढीची चर्चा जिथे चालते तिथे हे काम पायाचा दगड मानले जाते. अर्थात इथेही एक नाव जोडायला हवे. अमेरिकेतल्या युनिस फूट या बाईंनी 1856 मध्येच सूर्यप्रकाशात नळकांडी ठेवून कार्बन डायऑक्साइड आणि दमट हवा जास्त तापते असे दाखवले होते. त्यांचा निबंध टिंडल यांच्या पाहण्यात आला नसावा. जगाच्या तरी कुठे आला? तो पुन्हा उजेडात यायला 2010 नंतरचा काळ उजाडावा लागला.

पारदर्शक दिसते ते पारदर्शक असतेच असे नाही. काचेच्या तंतूची सगळी कथा या वाक्यात मावते. 1966 मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी हिशेब मांडून सांगितले की काचेतून प्रकाश दूर जात नाही हा दोष काचेचा नाही, तिच्यातल्या भेसळीचा आहे. लोखंडासारख्या धातूंचे लेशमात्र कण आणि काचेत अडकलेला पाण्याचा अंश. 1970 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या तीन संशोधकांनी असा तंतू काढला की त्यातून एक किलोमीटरनंतर शंभरातल्या एका भागाहून थोडा अधिक प्रकाश उरत होता, आणि तेवढ्याचाही केवढा जल्लोष झाला. आजच्या उत्तम तंतूत एका किलोमीटरनंतर पंच्याण्णव टक्के उरतो. काओ यांना 2009 मध्ये नोबेल मिळाले.

मुतखडा फोडणाऱ्या लेसरलाही हाच नियम उपयोगी पडतो, दोन्ही बाजूंनी. हा होल्मियम लेसर. त्याचा प्रकाश अदृश्य, अवरक्त. पाणी तो इतक्या अधाशीपणे पिते की अर्ध्या मिलिमीटरच्या आत तो संपतो. म्हणून खड्याला टेकलेल्या टोकाचा तडाखा खड्यालाच बसतो आणि थोड्या अंतरावरची नाजूक त्वचा वाचते. पण तंतूच्या काचेतच पाण्याचा अंश राहिला असेल तर? मग प्रकाश वाटेतच मुरेल आणि तंतू तापेल. त्यामुळे या कामाला मुद्दाम पाण्याचा अंश जवळजवळ काढून टाकलेली काच वापरतात. सैंधवाच्या चकत्यांआड बसून वाफेची चोरी पकडणाऱ्या टिंडल यांना ही युक्ती समजवायला दोन मिनिटे लागली नसती.

आता जरा आकड्यांत शिरू, कारण खरी अडचण तिथे आहे. एक किलो साखरेची पिशवी फक्त एक मिलिमीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी, म्हणजे सुमारे दहा मिलिजूल, लेसरच्या एका स्पंदात भरली असे समजा. ऊर्जा अगदी किरकोळ. पण ती दहा नॅनोसेकंदांत सोडली तर? एवढ्या वेळात प्रकाश स्वतःही जेमतेम तीन मीटर जातो. त्या क्षणापुरती शक्ती होते दहा लाख वॅट. बादलीभर पाणी कुंडीत थेंबथेंब सोडले तर रोप तरारते, तेच एकदम वरून ओतले तर माती उसळून रोप आडवे होते, तसेच हे. अशी दहा लाख वॅट शक्ती अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक तोंडातून आत घालायची. होल्मियमचा स्पंद यामानाने सावकाश, काहीशे मायक्रोसेकंदांचा असतो. त्याची ऊर्जा शंभरपट असली तरी क्षणाची शक्ती काही हजार वॅटच राहते. म्हणून तो तंतू टिकतो. तीच ऊर्जा दहा नॅनोसेकंदांत कोंबली असती तर खड्याआधी तंतूच गेला असता.

पण उद्योगधंद्यात आणि संशोधनात नॅनोसेकंदांचेच स्पंद तंतूतून न्यावे लागतात. धातूवर ठिणगी पाडून त्यात कोणती द्रव्ये आहेत ते दुरून ओळखायचे, जिथे माणूस शिरू शकत नाही अशा जागी तपासणी करायची, अशी ती कामे. तिथे तंतू मरतो तो बहुधा तोंडाशीच. काचेच्या आतल्या भागापेक्षा तिचा पृष्ठभाग दुबळा. पॉलिश करताना राहिलेला एखादा ओरखडा, त्यात अडकलेली पॉलिशची पूड, किंवा हवेतून येऊन बसलेला धुळीचा एखादा कण. स्पंद येतो, कण तो प्रकाश गिळतो, क्षणात पेटून त्याची तप्त वाफ होते आणि काचेवर बारीक खड्डा पडतो. पुढच्या स्पंदाला तो खड्डाच पुरतो. काही ठोक्यांत तोंड काळवंडते, मग फुटते.

आणि धूळ म्हटली की पुन्हा टिंडल. 1868 च्या सुमारास प्रकाशाने वायूंवर काय परिणाम होतो ते पाहण्यासाठी त्यांना अगदी स्वच्छ हवा हवी होती. हवा स्वच्छ झाली की नाही हे ओळखायचे कसे? त्यांनी प्रखर झोत सोडला. झोताची वाट दिसली की समजायचे, धूळ आहे. हवा रसायनांतून गाळली तरी झोत दिसतच राहिला. मग हवा स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून नेली आणि झोत नाहीसा झाला. धूळ जळून गेली होती! म्हणजे लंडनच्या हवेत तरंगणारी धूळ नुसती माती नव्हती, तिचा मोठा भाग सेंद्रिय होता. आपण श्वासाबरोबर हे सारे आत घेतो, या विचाराने ते स्वतःही दचकले. 1870 च्या जानेवारीत धूळ आणि रोग या विषयावर त्यांनी जे व्याख्यान दिले त्याने लंडनच्या सुखवस्तू घरांत खळबळ उडवली.

याच झोताच्या खेळातून आकाशाच्या निळाईचा प्रश्न आला. अतिसूक्ष्म कणांवरून विखुरताना प्रकाश निळा दिसतो हे त्यांनी नळीतल्या वाफेत दाखवले. लॉर्ड रॅले यांनी पुढे गणित मांडले, आणि कण नकोत, हवेचे रेणूच पुरेत, असे ठरले. समुद्राची निळाई ही आकाशाचे प्रतिबिंब आहे हे रॅले यांचे मत मात्र एका भारतीयाला पटले नाही. 1921 मध्ये विलायतेहून परतताना नरकुंडा या बोटीवर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी समुद्राच्या रंगाची तपासणी केली आणि मुंबई बंदरातून नेचरला टिपण धाडले. त्या धाग्याच्या टोकाला 1928 चा रामन परिणाम आहे. गंमत अशी की लांब तंतूतून जबरदस्त शक्तीचा प्रकाश नेऊ लागले की हाच रामन परिणाम आडवा येतो. प्रकाश आपला रंग सोडून दुसऱ्या, अधिक लांब तरंगांच्या प्रकाशात बदलू लागतो. अभियंत्यांना त्याची कटकट होते. आपण थोडे सुखावायला हरकत नाही.

धुळीचा पाठलाग टिंडल यांना रोगजंतूंकडे घेऊन गेला. त्यांनी एक लाकडी पेटी केली, समोर काच, आतून ग्लिसरीनचा लेप. काही दिवस पेटी न हलवता ठेवली की धूळ खाली बसून चिकटायची आणि झोत सोडला तरी आत काळोख दिसायचा. मग त्या हवेत मांसाचे, भाज्यांचे उकळलेले रस उघड्या नळ्यांत ठेवले. ते महिनोन्‌महिने ताजे राहिले. शेजारी साध्या हवेतले रस दोन-तीन दिवसांत नासले. जीव आपोआप निर्जीवातून उपजतो असे म्हणणाऱ्या हेन्री बॅस्टियन यांना हे उत्तर होते आणि त्यामुळे लुई पाश्चर यांची बाजू भक्कम झाली.

पण 1876-77 मध्ये एक विलक्षण पेच आला. सगळे रस नासू लागले. उकळले तरी नासले, तासन्‌तास उकळले तरी नासले. प्रयोगशाळेत वाळलेल्या गवताची एक पेंढी आणली होती, तिच्यातून आलेल्या जंतूंनी खोलीच बाटवली होती. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. विरोधक टपलेलेच होते. टिंडल यांनी सामान उचलले, क्यू येथील उद्यानातल्या नव्या प्रयोगशाळेत मांडले आणि मुळाशी गेले. काही जंतू बीजरूपाने राहतात, तेव्हा ते उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत; पण ते अंकुरले की साध्या उकळीनेही मरतात. मग एकदाच खूप उकळण्यापेक्षा थोडे थोडे, मध्ये अवधी देऊन, पुन्हा पुन्हा उकळावे. या रीतीला टिंडलायझेशन म्हणतात. आमटीला रोज उकळी काढून ठेवणाऱ्या आपल्या आज्या या शास्त्राच्या फार लांब नव्हत्या.

जाता जाता त्या तंतूच्या तोंडावर केले जाणारे उपायही सांगून टाकू. प्रकाश अगदी टोकदार करून आत सोडत नाहीत; तो पसरट करून गाभ्याचा बराचसा भाग सारखा व्यापेल असा सोडतात, म्हणजे एकाच बिंदूवर मार बसत नाही. भिंगाचा केंद्रबिंदू काचेच्या आत पडणार नाही याची काळजी घेतात. शक्य असेल तिथे स्पंद लांबवतात, गाभा जाड घेतात. तोंड आरशासारखे घासतात, काही वेळा दुसऱ्या लेसरने वितळवून गुळगुळीत करतात. आणि प्रत्येक वेळी जोडण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली धूळ पाहतात. इतके करूनही सुमारे चार-पाच मेगावॅटच्या पुढे काच हात टेकते. कारण तेवढ्या प्रखर प्रकाशात काच स्वतःच भिंगासारखी वागू लागते, प्रकाशाला आतल्या आत गोळा करते आणि आपलाच घात करून घेते. गाभा कितीही जाड करा, ही सीमा हलत नाही. तिच्या पलीकडे जायचे तर गाभ्यात काचच नको, पोकळी हवी. असे पोकळ गाभ्याचे तंतूही आता निघाले आहेत.

टिंडल यांची सार्वजनिक कीर्ती कळसाला पोहोचली ती 1870 च्या दशकात. 1872-73 च्या हिवाळ्यात अमेरिकेत प्रकाशावर व्याख्याने दिली, सभागृहे ओसंडून वाहिली. खर्च जाऊन उरलेले तेरा हजार डॉलर त्यांनी खिशात घातले नाहीत. अमेरिकेतल्याच विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी ठेवून दिले. 1874 मध्ये बेलफास्टच्या विज्ञान परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी सृष्टीचा उलगडा करण्याचा हक्क धर्माचा नव्हे, विज्ञानाचा आहे असे बजावले आणि चर्च खवळले. दीपगृहांचे सल्लागार म्हणून सरकारने नेमले होते. जॉन विगम या आयरिश संशोधकाच्या दिव्यांना न्याय मिळत नाही असे वाटताच 1883 मध्ये त्या पदावर पाणी सोडले. तक्रारअर्ज लिहिणारा मोजणीदार म्हातारपणीही गेला नव्हता.

लग्न फार उशिरा केले. 29 फेब्रुवारी 1876 रोजी, वेस्टमिन्स्टर ॲबीत, पंचावन्नाव्या वर्षी. पत्नी लुइसा हॅमिल्टन त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. मूलबाळ झाले नाही. लुइसाबाई प्रयोगांच्या नोंदी ठेवत, त्यांच्याबरोबर आल्प्समध्ये राहत, पत्रव्यवहार सांभाळत. 1887 मध्ये प्रकृतीमुळे टिंडल निवृत्त झाले आणि सरे परगण्यातल्या हाइंडहेडच्या माळावर बांधलेल्या घरात राहू लागले. निद्रानाश आयुष्यभर पाठीला लागलेला. रात्री झोपेसाठी क्लोरल, आणि एक दिवसाआड सकाळी पोटासाठी मॅग्नेशिया. दोन्ही औषधे लुइसाबाई स्वतःच्या हाताने देत.

4 डिसेंबर 1893 च्या सकाळी त्यांनी मॅग्नेशिया समजून दिले ते क्लोरल निघाले. मात्रा मोठी होती. चव वेगळी लागताच टिंडल यांना संशय आला आणि काय झाले ते दोघांच्याही लगेच लक्षात आले. बाईंनी धावाधाव केली, उलटी करवली, डॉक्टर आले, दिवसभर शर्थ झाली. त्याच संध्याकाळी ते गेले. चौकशीत लुइसाबाईंनी काहीही न लपवता सगळे सांगितले. मृत्यू अपघाताने झाला असा निर्णय झाला आणि कुणी त्यांना दोष दिला नाही.

त्या पुढे सत्तेचाळीस वर्षे जगल्या. नवऱ्याचे चरित्र आपणच लिहायचे असे त्यांनी ठरवले होते. पत्रे मागवली, रोजनिशा उतरवून घेतल्या, टिपणे काढली, कागदांचे ढीग लावले. कुणा दुसऱ्याच्या हाती ते काम सोपवायला त्या तयार नव्हत्या, आणि त्यांच्या हातून ते पुरे होईना. 1940 मध्ये, पंचाण्णव वर्षांच्या होऊन, त्या वारल्या. मग इतर दोघांनी ते कागद हाती घेतले आणि 1945 मध्ये, टिंडल यांना जाऊन बावन्न वर्षे झाल्यावर, त्यांचे पहिले समग्र चरित्र छापून आले.